मदत हवी आहे: एक्सेलमध्ये आधार क्रमांक 1.23ई+11 असा दिसतोय

शिष्यवृत्तीच्या यादीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर आधारच्या रकान्यात सगळीकडे 1.23ई+11 असंच दिसतंय. बँक खात्यांचंही तेच. सेल टेक्स्ट करून पाहिला, फरक नाही. पूर्ण आकडा कसा आणायचा?

प्रतिसाद १
ई+11 म्हणजे गुणिले 10 चा 11 वा घात. दशांशचिन्ह 11 घरं उजवीकडे न्यायचं: दोन घरं 2 आणि 3 नं भरतात, उरलेल्या नऊ घरांत शून्यं. 123000000000, म्हणजे 12,300 कोटी. घात उणे असेल तर डावीकडे, 3.2ई-05 म्हणजे 0.000032.

पण इथे हे हातानं करू नका! ती नऊ शून्यं आधारमधली नाहीत, एक्सेलनं दाखवताना आकडा छोटा केला आहे. सेलवर क्लिक करून फॉर्म्युला बार (शीटच्या वरची पट्टी) बघा. तिथे बाराही अंक असतील तर कंट्रोल+1, नंबर, डेसिमल प्लेसेस 0. झालं.

मूळ प्रश्नकर्ता
आधार आले, आभार! पण 16 अंकी खात्यांचा शेवटचा अंक सगळीकडे 0 आहे. आणि काल हीच फाइल एकदा सेव्ह केली होती, त्या प्रतीत बारमध्येही 123000000000 येतंय.

प्रतिसाद २
ती प्रत गेली. सीएसव्हीत सेव्ह करताना एक्सेल जे पडद्यावर दिसतं तेच लिहितं, म्हणजे फाइलमध्ये आता खरोखरच 1.23ई+11 आहे. पोर्टलवरून नवी उतरवून घ्या.

16 अंकांचं कारण वेगळं. एक्सेल 15 अंकच लक्षात ठेवतं, सोळाव्याच्या जागी 0 टाकतं. फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. म्हणून नव्या फाइलवर डबलक्लिक नको. कोरी शीट, डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, मग ट्रान्सफॉर्म डेटा. रकान्याच्या मथळ्याजवळच्या चिन्हावरून टेक्स्ट निवडा. एक्सेल विचारेल तेव्हा 'रिप्लेस करंट' म्हणा. नवी पायरी जोडलीत तर आकडा आधी संख्या होऊन मग टेक्स्ट होतो आणि खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडतात. (लोक नेमके इथेच फसतात.) मग क्लोज अँड लोड, आणि ही फाइल एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) म्हणूनच ठेवा.

प्रतिसाद ३
बॅच नंबरच्या रकान्यावरही नजर टाका. 5ई3 लिहिलं की एक्सेल त्याचे 5000 करतं.