लिंबू आणि हिरव्या पाल्याचा भात: तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे आठवड्यातनं एकदा तरी लिंबू-कोथिंबिरीचा भात होतोच, जेवणात बाजूला घ्यायला म्हणून, आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी तो वेगळा लागतो. कधी झाकण काढलं की शेजारच्या खोलीतनं माणसं उठून येतात, कधी नुसताच आंबट भात. साधा दिसतो पण साधा नाहीये हा. तर तुमचं काय चुकलं, काय जमलं ते लिहा, रेसिपी कुठेही मिळते, घडलेलं लिहा. सुरुवात मी करते.

मी पहिल्यांदा लिंबू पिळलं ते थेट उकळत्या पाण्यात. स्वयंपाकघर असं घमघमलं की वाटलं जमलंच. भात झाला आणि घास घेतला तर वासाचा पत्ता नाही, आंबटपणा तेवढा शिल्लक. नंतर लक्षात आलं की जो वास घरभर पसरला होता तोच तर भातात हवा होता! आता एक वाटी लांब दाण्याचा तांदूळ धुऊन २० मिनिटं भिजवते, निथळून चमचाभर तेलावर हलका परतते, दीड वाटी गरम पाणी आणि मीठ, झाकण लावून मंद आचेवर १२-१३ मिनिटं. मग गॅस बंद आणि १० मिनिटं झाकण काढायचं नाही म्हणजे नाही, वाफ जिरू द्यायची. लिंबू त्याच्यानंतर.

*

लिंबाचा वास रसात कमी आणि सालीत जास्त असतो हे मला फार उशिरा कळलं. साल डोळ्यासमोर धरून दुमडून बघा, बारीक तुषार उडतात, ते तेल. ते तेल वरच्या रंगीत थरातच असतं, खालचा पांढरा भाग कडू. माझा पहिला भात त्या पांढऱ्यानेच कडू केला, कारण मी किसणीवर लिंबू एकाच जागी घासत बसले होते. आता एका जागी एकदाच ओढायचं, पांढरं दिसायला लागलं की लिंबू फिरवायचं. आणि आधी किसायचं मग पिळायचं, पिळलेलं लिंबू किसता येत नाही, हाताखाली दबतं नुसतं. दोन वाट्या तांदळाला एका लिंबाची साल पुरते.

*

कोथिंबिरीबद्दल मला लिहायचंच होतं. मी धुतली की तशीच ओली चिरायचो, तीसुद्धा बोथट सुरीने, त्यामुळे चिरली न जाता चेंगरायची, पाटावर हिरवं पाणी आणि भातात काळपट गोळे. आता धुऊन कापडावर पसरतो, पूर्ण कोरडी झाल्यावर धारदार सुरीने एकदाच चिरतो, परत परत सुरी चालवत नाही. कोवळे देठ टाकू नका, चव तिथेच आहे, बारीक चिरून पानांच्या आधी घाला. आणखी एक, सकाळी करून डब्यात नेला की दुपारी पानं शेवाळी रंगाची दिसायची. आंबटाने आणि उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मरतो. तेव्हापासून डब्याच्या भातात कोथिंबीर वेगळी नेतो, खाताना मिसळतो.

*

माझी मुलगी कोथिंबिरीचा भात तोंडात घेऊन सरळ म्हणायची, साबण लागतोय. मी कितीतरी दिवस तिला रागावले, नखरे म्हणून. मग वाचलं की काही लोकांना कोथिंबिरीतल्या अल्डिहाइड्सचा वास खरोखरच साबणासारखा येतो आणि त्यात वास ओळखणाऱ्या जनुकांचा हात असतो. फार वाईट वाटलं मला. आता तिच्यासाठी शेपू आणि थोडा पुदिना घालते, तर पोरगी वाटी पुसून खाते.

*

लिंबू शेवटीच घाला याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. पाण्यात अर्धा चमचा रस घातला की दाणा पांढरा आणि मोकळा राहतो हा माझा नेहमीचा अनुभव आहे. जास्त घातला तर मात्र भात शिजायला वेळ लागतो, एकदा मी अख्खं लिंबू पिळलं तर २० मिनिटांनीही मधे कणी. म्हणून अर्धा चमचा दाण्यासाठी, बाकीचं चवीसाठी नंतर. आणि भांडं स्टीलचं घ्या, उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आंबटाची प्रक्रिया होते, धातूची चव येते.

*

संत्र्याचा करून बघितला. अर्धं पाणी अर्धा रस घेतला, तर रसातली साखर तळाला लागली आणि करपलं. दुसऱ्या वेळी रस दोनच चमचे, तोही शेवटी, आणि साल भरपूर. सोबत पुदिना. हे जमलं. थाइम, रोझमेरी असला कडक पाला असेल तर तो सुरुवातीलाच तेलात टाका, त्याला उष्णता लागतेच, नाहीतर दाताखाली काड्या येतात.

*

वडिलांचा वास एका आजारपणानंतर गेला होता. सात-आठ महिने जेवण म्हणजे त्यांना नुसतं खारट, आंबट, तिखट, त्यापलीकडे काही कळायचं नाही आणि ते बोलूनही दाखवायचे नाहीत. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून गरम भातावर लिंबाची साल किसत होते, तर ते म्हणाले, "लिंबू आहे का गं?" मी किसणी तशीच हातात धरून बघत राहिले त्यांच्याकडे. पूर्ण वास अजून आलेला नाही, पण तेव्हापासून साल मी त्यांच्यासमोरच किसते, भात पानात वाढल्यावर.

*

उरलेल्या भाताबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. लिंबू घातलंय, टिकेल, असं समजून मी रात्रभर ओट्यावर ठेवला आणि सकाळी गरम करून खाल्ला, दुपारपर्यंत उलट्यांनी हैराण. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. चवीपुरत्या लिंबावर भरवसा ठेवू नका. परातीत पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका.

*

पुदिना-संत्रं उद्याच करते. आणि बाबांचा अनुभव लिहिलाय त्या ताई, पुढे कसं होतंय ते नक्की कळवा.