मदत हवी आहे: बुलडॉगच्या शेपटीखाली सारखं इन्फेक्शन, शेपूट काढावी का? (नागपूर)

नमस्कार, बुलडॉगवाले कोणी असाल तर जरा सांगा नं. आमचा बंड्या इंग्लिश बुलडॉग, चार वर्षांचा. शेपूट म्हणजे नुसती आत वळलेली गाठ, जन्मापासूनच तशी, आणि तिच्याखाली खोल खिसा आहे जो बोटाने शेपूट उचलल्याशिवाय दिसतच नाही. तिथे लाल होतं, तपकिरी चिकट घाण येते आणि वास असा की पाहुणे आले की याला मागच्या खोलीत न्यावं लागतं. सारखा फरशीवर ढुंगण घासून राहिला, बसतो पण एका बाजूला कलून.

अ‍ॅनल ग्लँड (गुदद्वाराजवळच्या ग्रंथी) भरल्या असतील म्हणून दाखवलं तर त्या ठीक निघाल्या. तिथली घाण काचेच्या स्लाइडवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर यीस्ट (एक बुरशी) आणि बॅक्टेरिया दोन्ही दिसले. गोळ्या, क्लोरहेक्सिडिनचे (जंतुनाशक) वाइप्स सगळं सुरू आहे, कोर्स चालू असेपर्यंत छान, संपला की पुन्हा तेच. आता एक डॉक्टर म्हणतात शेपूट काढून टाका, दुसरे म्हणतात आधी वजन उतरवा. आई म्हणते खोबरेल तेलात हळद लाव, तिला कसं सांगू की तिथे आधीच ओल आहे त्यात तेल कशाला!

वरून हा मे महिना, पारा ४५ ला टेकला, घरात दिवसभर कूलर, म्हणजे हवा दमटच. आणि या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. कोणी केलंय का हे ऑपरेशन? थांबलं तर चालेल का?

प्रतिसाद १:
आमच्या मादीची काढली, पण शेवटचा उपाय म्हणून. पुसण्यापेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं भाऊ, वाइपनंतर सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. पावडर नको, आत गोळे होतात. मेडिकलमधली माणसांची खाजेची ट्यूब तर बिलकुल नको, बऱ्याचदा स्टेरॉइड असतं त्यात. वजन कमी झालं की घडी थोडी उथळ होते हे खरंय. पंजे, कान पण खाजवतो का? मग अ‍ॅलर्जी बघा, नाहीतर शेपूट काढूनही खाज राहील. ऑपरेशन ठरलंच तर आधी एक्स-रे काढा, यांच्या पाठीचे मणके पण वाकडे असू शकतात. गुदद्वार जवळ असल्यामुळे टाके सांभाळावे लागतात, चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती शंकूसारखी कॉलर काढायची नाही. दुसरं मत हवं असेल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला सर्जरी विभाग आहे. आणि मागचे पाय लटपटले किंवा शी-शूवरचा ताबा गेला तर थांबू नका, लगेच न्या.

धागाकर्ता:
अरे बाप्पा, कान तर सारखे खाजवतो! हे डॉक्टरांना सांगितलंच नाही. एक्स-रेला भूल लागते का हो, की असाच धरून होतो?

प्रतिसाद १:
शांत असेल तर धरून होतो, पण शेपूट दुखत असेल तर हलकी गुंगी देतात बरेचदा. खायला देऊन न्यायचं की उपाशी ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि सकाळी लवकरची वेळ घ्या, दुपारच्या उन्हात त्याला नेऊ नका.