मॉरिशसची लोकसंख्या वाढायचीच थांबलीय, हे चांगलं की वाईट?

दर्यावर्दी:
आम्ही अकरा वर्षं मॉरिशसमधल्या क्वात्र-बोर्न शहरात आहोत. मुलीच्या शाळेत पहिलीचे दोन वर्ग असायचे, यंदा एकच, त्यातही १७ पोरं, मागचे बाक रिकामे म्हणून बाईंनी सगळ्यांना पुढे बसवलंय. देशभर तेच चाललंय. २००० साली वर्षाला २० हजारांच्या आसपास बाळं जन्मायची, आता १२-१३ हजार, आणि मृत्यूही जवळपास तेवढेच, म्हणजे जन्मातून मृत्यू वजा केले की हातात काहीच उरत नाही. साडेबारा लाखांचा देश, म्हाताऱ्यांचं पेन्शन कोण भरणार? मला खरंच भीती वाटते.

वैशाली_के:
दादा, भीती कसली? याच बेटाला ६० वर्षांपूर्वी उलटी भीती होती. महायुद्धानंतर डीडीटी फवारून मलेरिया घालवला, मृत्यू धाडकन कमी झाले, जन्म तसेच राहिले आणि लोकसंख्या वर्षाला ३ टक्क्यांनी वाढायला लागली. टिटमस आणि मीड या ब्रिटिश तज्ज्ञांचे १९६१ चे अहवाल म्हणजे अक्षरशः धोक्याची घंटा होती. एका बाईला सरासरी सहा मुलं होती ती दहाएक वर्षांत साडेतीनवर आली, आणि तेही सक्ती न करता! कुटुंब नियोजन संघटना १९५७ पासून काम करत होती, कॅथलिक लोकांनीही नैसर्गिक पद्धती शिकवल्या, मुली शाळेत गेल्या, मग १९७० नंतर कापडाच्या कारखान्यांत पगार मिळवायला लागल्या. बायकांनी एवढं कमावलंय त्याला संकट म्हणू नका प्लीज.

आबा_सातारकर:
ताईंशी सहमत. २,०४० चौरस किमी जागा, त्यात चौ. किमीला ६०० च्या वर माणसं, तांदूळ-गहू सगळं बाहेरून. अजून किती वाढायचं? आणि माणसं कमी पडली तर बाहेरून येतातच की, कारखान्यांत बांगलादेशी, भारतीय, नेपाळी कामगार आहेत.

दर्यावर्दी:
आबा, बाहेरून आलेले नैसर्गिक वाढीत धरत नाहीत, आणि ते करारावर येतात, करार संपला की परत जातात, इथे म्हातारे होत नाहीत. पेन्शन ६० ला मिळायची, २०२५ च्या बजेटमध्ये ती हळूहळू ६५ ला न्यायचं ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वैशाली_के:
मग वय वाढवा, टॅक्स बघा, पण त्यासाठी बायकांनी पोरं जन्माला घालायची का?

दर्यावर्दी:
नाही हो ताई, तसं अजिबात म्हणत नाहीये. आमच्या शेजारी एक ताई आहे, पूर्वज रत्नागिरीकडचे, घरात इथली क्रिओल भाषा बोलते, गणपतीला मात्र आरती पाठ. तिच्या आजीला नऊ मुलं, आईला तीन, हिला एक. तिला दुसरं हवंय, स्वतः सांगते, पण ऑफिस एबेन नावाच्या भागात, ट्रॅफिकमधून घरी यायला सहा वाजतात आणि पाळणाघर चारला बंद. एका बाईमागे मुलांची सरासरी दीडच्याही खाली गेलीय त्यात अशा किती जणी असतील? ज्यांना नकोय त्यांना नको, पण हिला हवं असून होत नाहीये, ते कोण बघणार?

वैशाली_के:
हे मान्य. पण मग धाग्याचं नाव लोकसंख्येचं कशाला, पाळणाघराचं द्या ना.