मदत हवी आहे: पेशीत ४७ गुणसूत्रं झाली तर कॅन्सर होतो की डाउन सिंड्रोम?

भाचीला पेशी विभाजन शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, सगळं पाठ होतं, चित्रंही काढून दाखवली. मग तिने विचारलं, "मामा, सगळी गुणसूत्रं रांगेत आली हे पेशीला कळतं कसं? तिला काय डोळे असतात?"

दुसरी अडचण माझी. जोडी नीट सुटली नाही तर नेहमीच्या ४६ ऐवजी एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५ गुणसूत्रं जातात. एकीकडे वाचलं की यामुळे डाउन सिंड्रोम होतो. दुसरीकडे वाचलं की कॅन्सरच्या पेशींतही गुणसूत्रांचा हिशोब बिघडलेला असतो. मग कशामुळे काय होतं? "ते तसंच असतं" हे उत्तर नको, ते मी देऊन पाहिलंय.

सूक्ष्मदर्शी:
भाचीला शाबासकी द्या. पेशी रांग बघतच नाही, ती रस्सीखेच तपासते. प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे भाग कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेले असतात आणि दोन टोकांचे तुर्कतंतू त्यांना उलट दिशांना ओढतात. ज्या भागाला अजून तंतू लागलेला नाही तो 'थांबा, थांबा' असा रासायनिक संदेश सोडत राहतो. माणसाच्या पेशीत असे ९२ भाग. त्यातला एकच मोकळा राहिला तरी बाकीचे ९१ खोळंबतात. शेवटची ओरड थांबली की सेपरेज हे विकर कडी कापतं आणि पश्चावस्था सुरू होते.

जुनापापी:
दुसऱ्याचं मी सांगतो. चूक कोणत्या पेशीत झाली ते बघा. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनात २१ वं गुणसूत्र जास्तीचं आलं, तर फलनानंतरची पहिलीच पेशी ४७ ची होते. पुढची प्रत्येक पेशी तिचीच नक्कल. डाउन सिंड्रोमचं हे कारण १९५९ मध्ये कळलं. तेच गुणसूत्र फलनानंतर काही विभाजनं झाल्यावर चुकलं तर शरीरात ४६ आणि ४७ अशी सरमिसळ होते.

मोठ्या माणसाच्या त्वचेतल्या एका पेशीत चुकलं तर ती बहुतेक वेळा वाढच थांबवते किंवा मरते. पी५३ हे प्रथिन त्यासाठीच पहारा देतं. कॅन्सरला फक्त चुकीची मोजणी पुरत नाही. अनेक जनुकं बिघडावी लागतात आणि पहारेकरीही बाद व्हावा लागतो. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं. मग गुणसूत्रं आणखी हरवतात, आणखी वाढतात. म्हणजे कॅन्सरमध्ये ४७ हा आकडा ठरलेला नसतो, ६०-७० सुद्धा आढळतात.

धागाकर्ता:
आता डोक्यात उजेड पडला. पण आईचं वय वाढलं की धोका वाढतो, तो का?

सूक्ष्मदर्शी:
अंडपेशींचं विभाजन मुलगी जन्मायच्या आधीच सुरू होऊन मध्येच थांबतं आणि पाळी सुरू झाल्यावर एकेक पेशी पुढे सरकते. चाळिशीतल्या अंडपेशीतली कोहेसिनची कडी तितकीच वर्षं ताणात असते. ती सैल पडते.

धागाकर्ता:
भाचीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: "मग ४५ वाल्याचं काय?"

जुनापापी:
बहुतेक गर्भ फार लवकर पडतात. एक एक्स गुणसूत्र कमी असेल तर काही जगतात, त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. तुमच्या भाचीला इकडेच खातं उघडून द्या.