मास्टर प्लॅनात आमचं शिवार पिवळं झालंय म्हणे, हरकत कशी घालायची?

शिवारकर
मंडळी, आमच्या गावात गल्लोगल्ली एकच चर्चा होऊलालीय की बुडाच्या (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) नवीन मास्टर प्लॅनात आमचं भाताचं शिवार पिवळं दाखवलंय, पिवळं म्हणजे रहिवासी ना? मधनं रोड पण जातोय म्हणतात. नकाशा कुणी बघितलेला नाही, सगळं ऐकीव. पंच मंडळी म्हणतात मोर्चा काढूया, बाबा म्हणतात वकील बघ. हे प्लॅनिंगवाले आमच्यासारख्यांना विचारतात तरी का?

टिळकवाडीकर
विचारावंच लागतंय की ओ. कर्नाटकचा १९६१ चा नगर नियोजन कायदा, कलम १३. प्लॅन प्रसिद्ध झाला की ६० दिवसांत कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतो, त्याचा विचार करून प्लॅन शिफारशींसकट परत सरकारकडं जातो, फायनल मंजुरी तिथलीच. पण गोम अशी की आपल्याला दिसायच्या आधीच तो एकदा सरकारकडं जाऊन आलेला असतो, म्हणून सर्वे चालू असतानाच गाठायचं त्यांना. सर्वेवाले मे महिन्यात आले तर भाताचं शिवार मोकळंच दिसणार, पावसाळ्यात भात आणि नंतर मसूर-वाटाणा निघतोय हे त्यांना कोण सांगणार? आणि नुसतं पिवळं झालं म्हणून जमीन जात नाही, रोडसाठी घ्यायची तर भूसंपादनाची नोटीस वेगळी येते.

मच्छेवाला
कशाचं काय. हलगा-मच्छे बायपासला शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, काय झालं ते बघितलंय सगळ्यांनी.

नाल्याकाठी
@मच्छेवाला तो हायवेचा विषय, मास्टर प्लॅनचा नव्हे, दोन्ही एकात घालू नका.
शिवारकर, मोर्चा काढा की, पण मोर्च्याची पोच मिळत नाही 😀 अर्जाची मिळते, शिक्का-तारखेसकट घ्या. एकच मजकूर झेरॉक्स मारून सगळ्यांनी सह्या करू नका, प्रत्येकानं आपला सर्वे नंबर, आरटीसी (जमिनीचा उतारा) आणि कुठलं पीक कधी निघतंय ते लिहायचं. आमच्याकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसतंय, तुमच्याकडं असलं काही असेल तर पाणी कुठवर चढतंय त्याचे तारीखवार फोटो जोडा, कारण पुराच्या जागेत घरं कशाला दाखवलीत याचं उत्तर प्लॅनरला द्यावं लागतंय. नुसतं ‘आमचा विरोध’ लिहिलं तर त्याच्या हातात काहीच पडत नाही. ‘रोड जुन्या गाडीवाटेवरनं न्या’ म्हटलं तर निदान रेघ हलवता येते. ग्रामसभेचा ठराव पण लावा.

शिवारकर
हे कामाचं सांगितलासा. अर्ज मराठीत चालेल का?

टिळकवाडीकर
मराठीत लिहा, कन्नड कॉपी सोबत लावा. भाषेवरनं टेबलावर वाद घालत बसाल तर ६० दिवस तिथंच संपतील. आणि आधी बुडात जाऊन नकाशा खरंच निघालाय का ते बघून या, बाकीचं नंतर.

मच्छेवाला
पोच मिळाली की फोटो टाका इथं, बघूया.

शिवारकर
सोमवारी जातो. पंचांना पण घेऊन जातो, नाहीतर मोर्च्याचं बॅनर आधी छापून येईल.