नवख्यांना आधी काय शिकवावं, वाकळ की पॅचवर्क?

शिवणवेडी_राजारामपुरी:
नमस्कार मंडळी. रविवारी घरीच चार-पाच जणींना गोधडी शिकवायची म्हणते. मी पॅचवर्क शिकले ती व्हिडिओ बघून: गोल पात्याचा रोटरी कटर, पट्टी, पाव इंचाची शिलाई, चौकोनाला चौकोन. सासूबाई कागलच्या. त्या वाकळ शिवतात, म्हणतात, "मापं कसली घेतीस? लुगडं आंथर, चिंध्या मांड, धावदोरा घाल." शेजारच्या काकूंचं तिसरंच, मशीनवर मारून मोकळं व्हा. नवखीनं सुरुवात कुठून करावी?

मशीनवाला_भाऊ:
काकू बरोबर आहेत. हातानं शिवायला बसवलंत तर निम्म्या जणी दिवाळीआधीच पळतील. मशीनला वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर ओढणारा पाय) तेवढा लावा, नाहीतर वरचा थर पुढं सरकतो आणि चुण्या पडतात.

आज्जी_शिवाजी_पेठ:
तुझ्या सासूचं खरं आहे बाळ, पण तिनं कारण सांगितलं नाही म्हणून तुला पटंना. चौकोनाला चौकोन जोडायचा तर माप पाहिजेच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिलाई नुसती अर्धं सूत जास्त गेली, तर दोन्ही तुकडे धरून एका सांध्याला एक सूत गेलं. आठ तुकड्यांच्या ओळीत सात सांधे. सात सूत म्हणजे इंचाला एकच कमी! मग शेजारची ओळ जुळणार कशी?

वाकळीत तुकडा तुकड्याला जोडतच नाहीत. खाली आख्खं लुगडं असतं, त्यावर कड दुमडून तुकडा ठेवायचा, दुसरा थोडा त्याच्यावर चढवायचा. एक वाकडा पडला तर पुढचा झाकतो. म्हणून तिथं डोळ्याचं माप चालतं, आणि म्हणून नवखीला आधी तेच द्यावं. हात बसतो. कटर नंतर आणा की.

टाका मात्र विरळ घालू देऊ नकोस. घटस्थापनेआधी पंचगंगेवर धुणी निघतात, तेव्हा भिजलेली वाकळ दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. टाका विरळ असला की आतलं जुनेर गोळा होतं. आमच्यात कडेनं सुरू करून फिरत फिरत मध्यावर येतात. तुझ्या व्हिडिओत मधून बाहेर जायला सांगत असतील. कापड दोन्ही रीतींत टाक्याच्या पुढं ढकललं जातंच. बाहेर गेलेलं कापून टाकता येतं, आत आलेलं कुठं जाणार? त्यासाठी आधी सगळं लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं. तेही जमिनीवर, पलंगावर नाही. (गुडघे बोंबलतात, बोंबलू देत.)

नवं कापड घालणार असलीस तर आधी पाण्यातून काढ. लुगडं आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं. नवं मागनं आटतं आणि पहिल्याच धुण्याला वाकळ आक्रसते. मशीनला माझी ना नाही, पण जुनेराचे चार-पाच थर घातले की घरगुती मशीन कण्हायला लागतं.

शिवणवेडी_राजारामपुरी:
आज्जी, आता सासूबाईंनाच पहिल्या रविवारी बसवते. पण एवढी मोठी वाकळ नवख्यांना झेपेल?

आज्जी_शिवाजी_पेठ:
मोठी कशाला? बाळाचं दुपटं घ्या. सुती लुगडं नाही मिळालं तर जुनं धोतर चालतं, बोहारणीला विचार. सिंथेटिक साडी घेऊ नको, थर एकमेकांवरनं घसरतात. आणि अंगुस्तान सगळ्यांना सक्तीचं कर, नाहीतर दुसऱ्या रविवारी बोटं दाखवत बसतील.

मशीनवाला_भाऊ:
आज्जी, पुरुषांना प्रवेश आहे का ते पण विचारा.