मदत हवी आहे: सिद्धराम, सिद्धाराम की सिद्राम?

भाच्याचं बारसं येत्या रविवारी आहे, आत्या म्हणून नाव मीच सांगणार. ग्रामदैवताचं नाव ठेवायचं हे घरात ठरलंय. अडलंय ते लिहिण्यावर. पणजोबांच्या रेशनकार्डावर ‘सिद्राम’, त्यांच्याच शाळेच्या दाखल्यावर ‘सिद्धाराम’. सोलापुरात हाक मारताना सगळं एकच, पण जन्मदाखल्यावर एकच रूप चालणार.

शब्दकोश पाहिला. ‘सिद्ध’चा अर्थ कळतो, पण पुढे ‘राम’ धरायचा की ‘आराम’? संधीने सिद्ध + आराम = सिद्धाराम होतं, आणि संस्कृतात आराम म्हणजे बाग. मग अर्थच बदलतो. आमचं ग्रामदैवत म्हणजे बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर; त्यांच्या नावात मात्र ‘ध’ ऱ्हस्वच दिसतो. त्यांच्या वचनांतली (कन्नड भक्तिरचनांतली) मुद्रा, म्हणजे रचनेत सहीसारखं येणारं नाव, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ असं असल्यामुळे तिथूनही उलगडा होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं एकच उत्तर, ‘आपल्यात असंच म्हणतात’.

जन्मनोंद नावाशिवाय झाली आहे. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यामुळे कागदांची घाई नाही, घाई बारशाची. सिद्धार्थ, सिद्धांत, सिद्धेश कृपया सुचवू नका, आजी ऐकणार नाही. सिद्धेश्वर काकांचं आहे.

कन्नड किंवा जुनी वचनं वाचणाऱ्यांनी सांगावं: ‘सिद्धाराम’मधला दीर्घ ‘धा’ मुळातला, की नुसती बोलण्याची लकब? आणि ज्यांच्या घरी हे नाव आहे, त्यांच्या आधारवर मराठी आणि इंग्रजीत नेमकं कसं लिहिलंय, पुढे पासपोर्टला अडचण आली का?